व्हाउचरने शाळेचे दार उघडत नाही

"सरकारला शाळा चालवता येत नाहीत. शाळांवर खर्च करण्यापेक्षा तेवढे पैसे प्रत्येक मुलाच्या नावाने पालकाला द्या. पालक हवी ती शाळा निवडेल, शाळांमध्ये स्पर्धा लागेल आणि गरिबाचे पोरही इंग्रजी शाळेत जाईल." हा युक्तिवाद पूर्वी दिल्ली-मुंबईच्या अर्थतज्ज्ञांच्या लेखांत वाचायला मिळायचा. आता तो आपल्याच वस्तीतले, जयंतीच्या वर्गणीला आपल्यासोबत फिरणारे तरुण मांडतात. या योजनेला स्कूल व्हाउचर म्हणतात. शाळेला अनुदान द्यायचे नाही, मुलाच्या नावाची रक्कम काढायची आणि ती मूल ज्या शाळेत जाईल त्या शाळेला मिळू द्यायची, असे तिचे सरळ रूप आहे.

आम्ही तेर आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर काम करतो. आरटीईचे ऑनलाईन अर्ज सुरू झाले की जातीचा दाखला, जन्माचा दाखला, रहिवासाचा पुरावा गोळा करत आईबाप आमच्याकडे येतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक कमी, त्यातही निवडणूक, सर्वेक्षण आणि माहिती भरण्यात त्यांचे दिवस जातात, हे आम्ही रोज बघतो. त्यामुळे या तरुणांची चीड खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण चिडून आपण जे मागतो आहोत, ते आपल्या आजोबा-पणजोबांनी मागितले होते का? आणि ज्यांच्याकडे मागितले, त्यांनी काय उत्तर दिले होते? हा इतिहास माहीत असल्याशिवाय व्हाउचरला हो म्हणू नये, एवढेच सांगण्यासाठी हा लेख आहे.

बाजाराच्या गावाला बाजार माहीत आहे

तेर म्हणजे प्राचीन तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतील ग्रंथात पैठणसोबत तगरचे नाव येते. इथले कापड गाड्यांवर लादून भडोच बंदरात जायचे आणि तिथून समुद्रापार. गावातल्या संग्रहालयात त्या व्यापाराच्या खुणा आजही आहेत. म्हणजे तेरला बाजार नवा नाही आणि बाजाराची भीतीही नाही.

याच बाजाराच्या गावात बुद्धाचा धम्म नांदत होता. उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष सापडले. त्रिविक्रम मंदिराची मागची बाजू गोलाकार आहे आणि ही वास्तू मूळची बौद्ध चैत्य असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या काळातले स्तूप आणि विहार कसे उभे राहिले, हे कार्ले, कान्हेरी आणि जुन्नरच्या शिलालेखांतून कळते. व्यापारी, कारागीर, भिक्खुणी, साध्या घरातल्या बाया यांनी कुणी एक खांब दिला, कुणी पाण्याची पोढी दिली. विकत घ्यायची वस्तू बाजारात होती. शिकण्या-शिकवण्याची जागा मात्र सर्वांनी मिळून उभी केली. कापडाचा बाजार आणि विहार यांतला हा फरक त्या लोकांना कळत होता.

१८५६: धारवाडचा मुलगा

आता इंग्रजी काळात येऊ. तेर तेव्हा निजामाच्या राज्यात होते, पण आपल्या शिक्षणाचा पहिला मोठा वाद शेजारच्या मुंबई इलाख्यात झाला. जून १८५६ मध्ये एका महार मुलाने धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. सरकारने उत्तर दिले ते असे: तत्त्व म्हणून मुलाची बाजू न्यायाची आहे, पण एका मुलाला घेतले तर बाकीची मुले शाळा सोडतील आणि शाळाच निरुपयोगी होईल. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला शिक्षणाबद्दल जे निवेदन दिले, त्यात हे प्रकरण मांडले आहे.

या वादातून पुढे १८५८ च्या सुमारास मुंबई सरकारने एक धोरण जाहीर केले. आजच्या चर्चेसाठी ते फार महत्त्वाचे आहे. जी शाळा पूर्णपणे सरकारी खर्चाने चालते, ती सर्व जातींना खुली राहील. पण ज्या शाळेचा खर्च सरकार आणि स्थानिक देणगीदार मिळून करतात, तिथे देणगीदारांचा विरोध असेल तर खालच्या जातीच्या मुलांना घ्या अशी सक्ती सरकार करणार नाही. फार तर अनुदान काढून घेण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे राखून ठेवला.

म्हणजे पूर्ण सरकारी शाळेत आपला हक्क निदान कागदावर मान्य झाला आणि खाजगी हात लागलेल्या शाळेत तो कागदावरही अर्धवट राहिला. सरकारी शाळेने आपल्याला बाहेर बसवले हे खरेच आहे. आपली पोरे व्हरांड्यात बसून शिकली, हे कुणी विसरलेले नाही. पण सरकारी शाळेविरुद्ध अर्ज करता येत होता, वर दाद मागता येत होती, कायदेमंडळात प्रश्न विचारता येत होता. खाजगी दारावर दाद मागायची कुणाकडे?

फुले, शाहू, बाबासाहेब

१८८२ मध्ये जोतिराव फुल्यांनी हंटर कमिशनला निवेदन दिले. शेतकऱ्याच्या घामाच्या पैशातून कर गोळा होतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गाला मिळतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. सरकारने शिक्षणातून हळूहळू अंग काढून ते खाजगी प्रयत्नांवर सोपवावे, असा विचार तेव्हा जोरात होता. जोतिरावांनी त्याला विरोध केला. सरकार बाजूला झाले तर शिक्षणाचा प्रसार खुंटेल आणि जाती-धर्मांबाबत सरकारने पाळायची तटस्थताही धोक्यात येईल, असे त्यांनी बजावले. स्वतः खाजगी शाळा काढणारा माणूस हे सांगत होता, हे ध्यानात घ्या.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. राजाने पैसा दिला आणि दार उघडण्याचा हुकूमही दिला. नुसता पैसा देऊन ते थांबले नाहीत.

मग १२ मार्च १९२७. महाडचा सत्याग्रह अवघ्या आठ दिवसांवर आला होता. त्या दिवशी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बाबासाहेब बोलले. त्यांनी भावनेचे भाषण केले नाही, हिशोब मांडला. या इलाख्यात सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि दारूच्या अबकारी करातून माणशी २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते. जेवढे दारूतून घेता, निदान तेवढे शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. प्राथमिक शाळेत येणाऱ्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त १८ पोचतात, हेही त्यांनी दाखवले. कला महाविद्यालयांच्या खर्चाचा ३६ टक्के, हायस्कूलचा ३१ टक्के आणि मधल्या शाळांचा २६ टक्के भाग विद्यार्थ्यांच्या फीमधून येतो, याला त्यांनी शिक्षणाचे व्यापारीकरण म्हटले.

व्यापारीकरण हा शब्द आपण १९८३ नंतर, वसंतदादा पाटलांच्या काळात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानग्या सुटल्या आणि गावोगाव शिक्षणसम्राट उगवले, तेव्हापासून वापरतो. बाबासाहेबांनी तो त्याच्या छप्पन्न वर्षे आधी वापरला होता, आणि तोही सरकारच्या तोंडावर.

पुढे २३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मोफत शिक्षणाच्या कलमावर चर्चा झाली. ते फक्त प्राथमिक शिक्षणापुरते ठेवा, अशी सूचना आली. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. १४ वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात कामाला लावता येणार नाही असे संविधान म्हणते, मग ते मूल त्या वयापर्यंत कुठल्या तरी शाळेत असले पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. ही जबाबदारी त्यांनी राज्यावर टाकली. पालकाच्या हातात रक्कम देऊन राज्याला मोकळे केले नाही.

तडवळ्याची शाळा

आपल्या धाराशिव तालुक्यातलेच गाव घ्या. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला कसबे तडवळे इथे महार-मांग वतनदार परिषद झाली. बाबासाहेब आले, बैलगाड्यांच्या जोड्या जुंपून लोकांनी त्यांची मिरवणूक काढली. त्यांचा मुक्काम गावच्या शाळेत होता. आजही आपली माणसे ती शाळा बघायला जातात.

त्या काळात निजामाच्या राज्यातल्या आपल्या लोकांची स्थिती काय होती? वरचे शिक्षण उर्दूतून. १९१८ मध्ये सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. खाजगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागायची. अशा राज्यात हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेसारख्या संस्थांनी मोठे काम केले, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. तिकडे साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह चालवले. खुद्द बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. तेच आपले मिलिंद. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतला पहिला पदवीधर तिथून बाहेर पडला.

म्हणून 'खाजगी' या शब्दाशीच आपले वैर आहे असे कुणी समजू नये. मिलिंदला आपण आपले मानतो, कारण ज्याला कुणी घेत नव्हते त्याला घेण्यासाठीच ते उभे राहिले. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. १९४४ पासून अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना केंद्र सरकारची शिष्यवृत्ती मिळू लागली, त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. शिष्यवृत्ती म्हणजे मुलाच्या नावाचा पैसाच. पण तेवढ्यावर थांबले असते तर त्यांनी महाविद्यालये काढलीच नसती. शिष्यवृत्तीही हवी आणि ती घेऊन जायला आपली संस्थाही हवी, असा तो दुहेरी विचार होता. व्हाउचरवाले यातला पहिला अर्धा भाग उचलतात आणि दुसरा सोडून देतात.

व्हर्जिनियात काय झाले

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डू बॉईस यांना पत्र लिहिले होते आणि १९७२ मध्ये आपल्या पोरांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले. व्हाउचरचा जन्मही त्याच देशात झाला, म्हणून तिकडे जाणे भाग आहे.

१७ मे १९५४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. १९५५ मध्ये मिल्टन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञाने व्हाउचरची कल्पना मांडणारा निबंध लिहिला. त्याचा हेतू वर्णभेद टिकवण्याचा होता असे आम्ही म्हणत नाही. वर्णभेदाचा प्रश्न त्याने तळटीपेत घेतला आहे. पण दक्षिणेतल्या राज्यांनी जे हत्यार उचलले ते याच घडणीचे होते.

व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड नावाची काउंटी आहे, म्हणजे आपल्याकडचा तालुका समजा. तिथे १९५१ मध्ये बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या काळ्या मुलीने मोडकळीला आलेल्या शाळेविरुद्ध विद्यार्थ्यांचा संप घडवला. तो खटला १९५४ च्या निकालात सामील होता. काळ्या मुलांना सोबत बसवण्याची वेळ आली तेव्हा १९५९ मध्ये या काउंटीने सगळ्या सरकारी शाळाच बंद करून टाकल्या. गोऱ्यांनी खाजगी शाळा काढली आणि तिथल्या फीसाठी सरकारी तिजोरीतून पालकांना अनुदान मिळू लागले. १९६१ मध्ये न्यायालयाने त्या पैशाला अटकाव केला, तरी सरकारी शाळा बंदच राहिल्या. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या उघडल्या. त्यातली चार वर्षे बहुतेक काळी मुले शाळेबाहेर होती. त्यांच्या आयुष्यातली ती वर्षे परत आली नाहीत.

कायदा सांगत होता की पालकाला निवड आहे. प्रत्यक्षात निवड शाळा करत होती. चिलीमध्ये १९८१ पासून पिनोशेच्या हुकूमशाहीत देशभर व्हाउचर लागू झाले. शाळा मुलांची निवड करू लागल्या, वरून फी घेऊ लागल्या. मग विद्यार्थ्यांची मोठी आंदोलने झाली आणि २०१५ मध्ये कायदा करून सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांची नफेखोरी, निवड आणि वरची फी थांबवायला सुरुवात करावी लागली.

मग आरटीईचे २५ टक्के काय आहे?

इथे तरुण आम्हाला अडवतात. म्हणतात, तुम्हीच तर आरटीईचे अर्ज भरून देता, तेही व्हाउचरच नाही का? प्रश्न रास्त आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम १२(१)(क) प्रमाणे खाजगी विनाअनुदानित शाळेने पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांना द्यायच्या आणि सरकारने ठरलेल्या दराने प्रतिपूर्ती करायची. महाराष्ट्रात हा दर मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये ठेवला गेला. पैसा मुलामागून जातो, इथपर्यंत साम्य आहे. पण इथे शाळेवर सक्ती आहे. मुलाखत घेता येत नाही, डोनेशन मागता येत नाही, अर्ज जास्त आले तर सोडत निघते. १८५८ मध्ये खाजगी दारावर जी सक्ती करायला सरकार तयार नव्हते, ती २००९ च्या कायद्याने केली. म्हणून हा आपला हक्क आहे. तो सोडायचा नाही.

तो हक्क किती नाजूक आहे हे २०२४ मध्ये दिसले. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलला. ज्या खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्क्यांतून सूट. आता तेरसारख्या गावाचा विचार करा. गावातल्या कुठल्या खाजगी शाळेपासून जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या बाहेर असणार? खेड्यात तर हक्कच संपला असता. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ ला तो रद्द केला आणि ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला.

पण या हक्काची मर्यादाही ओळखा. तो आठवीपर्यंत आहे. नववीत त्याच शाळेने पूर्ण फी मागितली की बाप कुठे जाणार? गणवेश, पुस्तके, सहल, स्नेहसंमेलन यांच्या नावाखाली पैसे मागणाऱ्या शाळा आम्ही बघतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट: २५ टक्के म्हणजे काही मुले. बाकीची कुठे शिकणार? जिल्हा परिषदेच्याच शाळेत.

पटाचा हिशोब

समजा, वस्तीवरच्या पाचवीपर्यंतच्या शाळेत ६५ मुले आहेत. आरटीईच्या निकषाप्रमाणे ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक. व्हाउचर घेऊन त्यातली फक्त पाच मुले गेली की पट ६० झाला आणि शिक्षक दोन. पाच वर्ग, दोन शिक्षक. गेलेल्या पाच जणांचे काय होईल ते होईल, पण राहिलेल्या ६० जणांचा एक शिक्षक त्यांच्यासोबत गेला. पुढच्या वर्षी आणखी दहा जण जातील, कारण शिक्षक नाहीत. मग कमी पटाची शाळा बंद करा, म्हणून आदेश येईल. पट २० च्या खाली गेलेल्या शाळांच्या समूह शाळा करण्याची भाषा सरकारने २०२३ मध्ये केलीच आहे.

जी मुले शेवटपर्यंत राहतात ती कुणाची? ऊसतोडीला जाणाऱ्यांची, वीटभट्टीवरच्यांची, ज्या घरात ऑनलाईन अर्ज भरणारे कुणी नाही त्यांची. आणि मुलगा-मुलगी दोघांपैकी एकालाच बाहेर पाठवता येत असेल, तर मागे राहते ती मुलगी.

व्हाउचरवाल्यांचा एक पुरावा आम्ही टाळणार नाही. आंध्र प्रदेशात २००८ ते २०१२ या काळात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी व्हाउचरचा मोठा अभ्यास केला. चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात व्हाउचरची मुले आणि इतर मुले यांच्यात फरक नव्हता. हिंदीत मात्र व्हाउचरची मुले पुढे होती, आणि खाजगी शाळांचा मुलामागचा खर्च सरकारीच्या एक तृतीयांश होता. कमी पैशात तेवढेच शिक्षण, मग वाईट काय, असे ते विचारतात. हा स्वस्तपणा येतो कुठून? शिक्षकाच्या पगारातून. डी.एड. झालेल्या आपल्याच पोरी तुटपुंज्या पगारावर, सुटीचा पगार न मिळता शिकवतात, त्यातून. जिल्हा परिषदेच्या भरतीत बिंदुनामावली असते, आपल्या हक्काच्या जागा असतात. कितीतरी घरांत पहिला सरकारी पगार गुरुजींच्या रूपाने आला. तो रस्ता बंद करून मिळालेली बचत कुणाच्या खिशातून झाली, हे विचारायला नको?

आपण काय करायचे

जिल्हा परिषदेची शाळा आहे तशीच राहू द्या, असे आमचे म्हणणे नाही. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा असे सांगितले आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहिला. मधली चोपन्न वर्षे कुठे गेली? आधी शाळा उपाशी ठेवायची, मग ती अशक्त आहे म्हणून पालकाला पावती देऊन वाटेला लावायचे, हा डाव ओळखा.

कामे साधी आहेत. कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात, त्यात निम्म्या महिला आणि वंचित घटकांना प्रमाणात जागा. आपल्या गावातली समिती कधी बसते, इतिवृत्तावर कुणाचा अंगठा आहे, शाळा विकास आराखडा कुणी लिहिला, हे जाऊन विचारा. वस्तीतल्या बायांना समितीत बसवा. रिक्त पदांची माहिती माहितीच्या अधिकारात मागवा. आरटीईचे अर्ज भरत राहा, सोडतीत नाव आलेल्या मुलाकडून पैसे मागितले तर लेखी तक्रार करा. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला समाजमंदिराच्या आधी शिक्षक मागा.

आणि पुढच्या वेळी कुणी मित्र व्हाउचरची बाजू मांडेल तेव्हा त्याला हसू नका. त्याला एवढेच विचारा: व्हाउचर हातात घेऊन तू शाळेच्या दारात गेलास आणि शाळेने जागा नाही म्हटले, तर दुसऱ्या दिवशी तुझ्या पोरीला घ्यायला कोणती शाळा बांधील असेल? आज त्याचे उत्तर आहे, जिल्हा परिषदेची. ती शाळा टिकवणे आणि सुधारणे ही आपली लढाई आहे.

जयभीम!